बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे: एका वीस अंकी संख्येची ओळख

दहावीतल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. बुद्धिबळाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरली तर एकूण १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे लागतात. ही संख्या मूळ की संयुक्त, ते कसं ठरवायचं? आणि मोठ्या संख्यांच्या नावापुढे ‘न्यून’, ‘वर्गमुक्त’ अशी जी विशेषणं लिहिलेली असतात, ती कोण आणि कशी ठरवतं?

प्रश्न फार चांगला आहे. गेली तीस-बत्तीस वर्षं मी स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्या मुलांना अंकशास्त्र शिकवतो. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मी हीच संख्या फळ्यावर लिहितो, म्हणून उत्तर जरा लांब होईल.

आधी निकाल सांगतो. संख्या संयुक्त आहे आणि तिचे मूळ अवयव असे: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात अवयव, सातही वेगळे. तू विचारलेली बहुतेक विशेषणं या एका ओळीतून निघतात. ही ओळ मिळवायला संगणक लागत नाही. वही, पेन आणि एक मोकळी दुपार पुरते. पुढे घातांक लिहायला मी ^ ही खूण वापरतो, म्हणजे २^६४ याचा अर्थ २ चा ६४वा घात.

संख्या वाचायची कशी, तेही सांगून टाकतो, कारण मुलं इथेच अडखळतात. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं, दहंपासून अठरा स्थानांची नावं आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या त्याही पलीकडे जाते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी आणि पुढे आणखी. एका दाण्याचं वजन साधारण ४० मिलिग्रॅम धरलं तर हा गहू ७३ हजार कोटी टनांच्या वर जातो. आज जगभरात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, तेव्हा नऊशेहून जास्त वर्षांचं पीक एका पटावर मावलं पाहिजे.

दुपटीचा हा हिशेब लीलावतीतही आहे, फक्त दाण्यांच्या जागी कवड्या आहेत. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देत गेला, तर महिन्याभरात किती निष्क दिले? (निष्क हे जुनं मोठं नाणं; द्रम्म, पण आणि काकिणी ही त्याहून उतरत्या क्रमाने लहान नाणी.) उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. काढायची रीतही तिथेच दिली आहे: पदांची संख्या सम असेल तर निम्मी कर आणि ‘वर्ग’ लिही, विषम असेल तर एक वजा कर आणि ‘गुण’ लिही, मग शेवटाकडून उलटा ये. या रीतीने ६४ साठी सहा वेळा वर्ग करणं पुरतं: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. त्यातून एक वजा केला की आपली संख्या. संगणकातले प्रोग्रॅम आजही मोठे घात मुळात याच युक्तीने काढतात. आणि त्या कवड्यांच्या उत्तरात फक्त एक मिळव. २१४७४८३६४७ ही २^३१ − १ ही संख्या होते, आणि ती मूळ आहे हे ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये दाखवलं. त्यानंतर कित्येक दशकं यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणी सिद्ध करून दाखवली नव्हती.

आता अवयव. सूत्र तुझ्या पुस्तकात आहे, अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). पण मी ते आधी पटावरच दाखवतो, कारण पटावर पाहिलं की ते विसरत नाही. पटाचे दोन अर्धे कर, खालची बत्तीस घरं आणि वरची बत्तीस घरं. वरच्या अर्ध्यातलं प्रत्येक घर खालच्या अर्ध्यातल्या त्याच क्रमाच्या घराच्या २^३२ पट आहे. मग वरच्या अर्ध्याची बेरीजही खालच्या बेरजेच्या २^३२ पट. म्हणजे सगळा पट म्हणजे खालच्या अर्ध्याची बेरीज गुणिले (२^३२ + १). झाला पहिला अवयव. आता खालच्या बत्तीस घरांचे पुन्हा दोन अर्धे कर, तेच घडतं आणि २^१६ + १ बाहेर पडतो. असं करत एका घरापर्यंत खाली आलास की हातात राहतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिले पाच मूळ आहेत. ३, ५, १७ दिसतातच. २५७ साठी १३ पर्यंत भागून बघायचं. ६५५३७ साठी २५१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी, त्याला तासभर लागतो. खरा प्रश्न शेवटच्या ४२९४९६७२९७ चा आहे.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटत होतं की २ चा असा घात, ज्याचा घातांक स्वतःच २ चा घात आहे, त्यात १ मिळवला की नेहमी मूळ संख्या येते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत ते खरंच आहे, पण पुढे त्याच्याकडे सिद्धता नव्हती. डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्र लिहून तरुण ऑयलरला याबद्दल विचारलं, आणि १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ऑयलरने ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७ असल्याचं मांडलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने दिवाळीच्या सुटीत ३ पासून एकेका मूळ संख्येने भागत ६४१ गाठला होता. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, म्हणजे शंभराच्या वर लांबलचक भागाकार. वही अजून माझ्याकडे आहे आणि तिच्या चिकाटीचं मला आजही कौतुक वाटतं. पण ऑयलरची वाट पाच भागाकारांत तिथे पोहोचते. अंकशास्त्र म्हणजे काय, हे कळायला ती वाट नीट समजून घे.

कुठलीही विषम मूळ संख्या घे आणि २ च्या घातांना तिने भागून बाक्या लिही. ७ घेतलास तर २, ४, १, २, ४, १, म्हणजे तीनची फेरी. १७ घेतलास तर २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, म्हणजे आठची फेरी. प्रत्येक मूळ संख्येची अशी एक फेरी असते, बाकी १ वर फिरून येणारी. फर्माचं लहान प्रमेय सांगतं की या फेरीची लांबी मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला निःशेष भागते. ७ ची फेरी ३, आणि ६ ला ३ ने भाग जातो. १७ ची फेरी ८, आणि १६ ला ८ ने भाग जातो.

समजा एखादी मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. तिच्या बाक्यांमध्ये ३२ व्या जागी −१ येणार (म्हणजे त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी बाकी), तर ६४ व्या जागी १. म्हणून फेरीची लांबी ६४ ला भागते पण ३२ ला भागत नाही, अर्थात ती नेमकी ६४ आहे. मग त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ६४ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे उमेदवार फक्त ६४ च्या पाढ्यात १ मिळवून येणारे: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार निःशेष जातो.

राहिला ६७००४१७. त्याचाही प्रत्येक मूळ अवयव याच साच्यातला हवा आणि २५८८ पर्यंतच शोधायचं, कारण त्यापुढे वर्ग संख्येला ओलांडतो. आधी नापास झालेले सोडले तर ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३ एवढेच सात उरतात आणि एकानेही भाग जात नाही. म्हणून ६७००४१७ मूळ. पुढे १८७८ मध्ये ल्यूकाने ही अट आणखी आवळली, ६४ च्या जागी १२८ चा पाढा पुरतो असं दाखवलं. मग ६४१ पर्यंत २५७ आणि ६४१ असे दोनच उमेदवार राहतात.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ ऐवजी −२^४ लिहिता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग. या चार ओळी मी वर्गात शेकडो वेळा लिहिल्या असतील. ६४१ चे ते दोन चेहरे एकमेकांत बसतात तेव्हा मला अजूनही तितकाच आनंद होतो.

आता फेरीच्या नजरेने सगळी संख्या पुन्हा बघ. एखादी विषम मूळ संख्या २^६४ − १ ला भागते की नाही, हे फक्त तिची फेरी ६४ ला भागते की नाही यावर ठरतं. ३ ची फेरी २, ५ ची ४, १७ ची ८, २५७ ची १६, ६५५३७ ची ३२, आणि ६४१ व ६७००४१७ या दोघांची ६४. ७ ची फेरी ३, ११ ची १०, १३ ची १२. त्यातली एकही ६४ ला भागत नाही, म्हणून या संख्या अवयवांत येऊच शकत नाहीत. ६४ ला २ शिवाय दुसरा मूळ अवयव नाही, त्याचा हा परिणाम.

इथून पुढे विशेषणं भराभर येतात. प्रत्येक मूळ अवयव एकदाच आलाय, कुठल्याही मूळ संख्येचा वर्ग तिला भागत नाही, म्हणून ती वर्गमुक्त. विभाजक किती? सात अवयवांपैकी प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे २ चा सातवा घात, १२८. विषम संख्येचे विभाजक जोड्यांनी येतात आणि प्रत्येक जोडी दोन वर्गांची एक वजाबाकी देते, तेव्हा ही संख्या दोन पूर्ण वर्गांची वजाबाकी म्हणून ६४ प्रकारे लिहिता येते. त्यातला एक प्रकार तर आपण वापरलाच, (२^३२)² − १².

न्यून की विपुल, हे विभाजकांच्या बेरजेवरून ठरतं. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकी भरली तर परिपूर्ण, कमी पडली तर न्यून, जास्त झाली तर विपुल. वर्गमुक्त संख्येच्या सगळ्या विभाजकांची बेरीज काढायला प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून गुणाकार करायचा: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८. तेवढा गुणाकार करायचीही गरज नाही, गुणोत्तर पुरतं. ४/३ गुणिले ६/५ म्हणजे १.६. त्याला १८/१७ ने गुणलं की १.६९४. २५८/२५७ ने १.७००७, ६४२/६४१ ने १.७०३४, आणि पुढच्या दोन अवयवांनी जवळजवळ काहीच फरक पडत नाही. स्वतः धरून बेरीज संख्येच्या १.७०३४ पट, स्वतः वगळली तर ०.७०३४ पट. संख्या न्यून. विषम संख्येला विपुल व्हायला लहान मूळ अवयव भरपूर लागतात. सगळ्यात लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे, म्हणजे ३ × ३ × ३ × ५ × ७. आपल्या संख्येत ७, ११, १३ नाहीत आणि ३ एकदाच आहे, म्हणून ती एवढी मोठी असूनही बेरीज भरत नाही.

वर्गांच्या बाबतीत तिचा स्वभाव जरा हट्टी आहे. २^६४ ला ८ ने पूर्ण भाग जातो, तेव्हा तिला ८ ने भागल्यावर बाकी ७. अशी संख्या पूर्ण वर्ग नसते, दोन वर्गांची बेरीज नसते, आणि तीन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही. लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं की चार वर्गांत कुठलीही नैसर्गिक संख्या बसते. आपल्या संख्येला ते चारही लागतात, एकही कमी चालत नाही.

अंकांवर आधारलेल्या प्रकारांना मी सहसा मागे ठेवतो, कारण दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत संख्या लिहिली की ते बदलतात. पण देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलेले दोन प्रकार मराठी माणसाने तपासावेतच. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९, आणि २९ अवयवांत नाही. तेव्हा ती हर्षद नव्हे. कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे अंक दोन तुकड्यांत तोडून बेरीज केली की मूळची संख्या परत येते, जसं ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. वीस अंकी संख्येचा वर्ग करून तोडत बसायची गरज नाही. ९ ने भागल्यावरची बाकी तुकडे केल्याने बदलत नाही, म्हणून अशा संख्येची आणि तिच्या वर्गाची बाकी सारखीच हवी. ती ० किंवा १ असेल तरच हे जमतं. आपली बाकी ६. एका ओळीत निकाल.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून लिहिताना, मात्र तिच्याइतकी नेटकी संख्या नाही, सलग चौसष्ट १. म्हणूनच संगणकातल्या ६४ बिटांच्या (० किंवा १ च्या चौसष्ट घरांच्या) जागेत ऋण चिन्ह न ठेवता मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच. ज्या जागेत ऋण संख्याही ठेवायच्या असतात तिथे तेच चौसष्ट १ म्हणजे −१ असं वाचलं जातं.

त्रिकोणी संख्यांचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला राहवत नाही. १, ३, ६, १०, १५ अशा ज्या संख्यांचे दाणे त्रिकोणात रचता येतात, त्यांत आपली बेरीज आहे का? संख्या त्रिकोणी असेल तर तिची आठपट अधिक १ पूर्ण वर्ग होतो. इथे ती २^६७ − ७ होते. २ च्या कुठल्या घातातून ७ वजा केले की पूर्ण वर्ग येतो, हाच प्रश्न रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात विचारला होता. त्या सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीला पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात होतं, रँग्लर परांजपे तिथे प्राचार्य असताना. रामानुजन यांना घात सापडले होते ३, ४, ५, ७ आणि १५. याशिवाय एकही नाही, हे नॉर्वेच्या नागेलने १९४८ मध्ये सिद्ध केलं. ६७ त्या यादीत नाही, तेव्हा आपली संख्या त्रिकोणी नाही. पटाच्या भाषेत सांगायचं तर पहिली १, २, ४ किंवा १२ घरं भरलीस तरच दाणे त्रिकोणात बसतात (१, ३, १५ आणि ४०९५ दाणे). पुढे कितीही घरं भर, पट कितीही मोठा कर, पुन्हा कधीच नाही.

अर्ध्या पटाचीही एक गोष्ट आहे. बत्तीस घरांची बेरीज ४२९४९६७२९५, म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पट्टी आणि कंपासने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे शोधलं, आणि पुढे दाखवलं की फर्माच्या (वर आलेल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा साच्यातल्या) वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजू असल्या तरी तो काढता येतो. वान्त्झेलने १८३७ मध्ये उलट बाजू पुरी केली: विषम बाजूंच्या बाबतीत त्याशिवाय दुसरे नाहीतच. फर्माच्या मूळ संख्या आजवर पाचच माहीत आहेत, म्हणून रचता येण्याजोगा, विषम बाजूंचा, आज माहीत असलेला सर्वांत मोठा सुसम बहुभुज अर्ध्या पटाच्या दाण्यांइतक्या बाजूंचा आहे. पूर्ण पटाच्या संख्येइतक्या बाजूंचा काढता येत नाही, कारण ६४१ हा अवयव आडवा येतो.

आता तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. एवढी मोठी संख्या, म्हणजे अवयव काढणं फार अवघड असणार, असं सगळ्यांना वाटतं. आकारावरून हे ठरत नाही. संख्या कशी बनली आहे, त्यावरून ठरतं. शेजारपाजार बघ म्हणजे पटेल. आपल्या संख्येत २ मिळव. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही फर्माच्या ओळीतली पुढची संख्या. तिला पटासारखं दुमडता येत नाही. तिचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ लँड्रीने १८८० मध्ये जाहीर केले तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. तीन घरं कमी कर: एकसष्ट घरांची बेरीज २३०५८४३००९२१३६९३९५१ मूळ आहे, रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या धर्मगुरूने १८८३ मध्ये सिद्ध केलं. तीन घरं वाढव: सदुसष्ट घरांची बेरीज मेर्सेनने १६४४ च्या यादीत मूळ म्हणून दिली होती. ल्यूकाने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण एकही अवयव न काढता. अवयव १९०३ मध्ये कोलने मांडले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. आणि २^६४ च्या खाली सर्वांत जवळची मूळ संख्या २^६४ − ५९ आहे. ती मूळ आहे हे दिसायला कुठलंही सूत्र मदत करत नाही, चाचणीच लागते.

चाचण्यांबद्दल एक सावधगिरी. फर्माच्या लहान प्रमेयावरची चाचणी सांगते: संख्या न असेल तर २^(न − १) ला न ने भागून बघ, बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. आपल्या संख्येला ती लावली की बाकी २^६२ येते, निकाल लागला. पण ४२९४९६७२९७ ला लावलीस तर बाकी बरोबर १ येते, संख्या संयुक्त असूनही. कारण तिच्यात २ ची फेरी ६४ ची आहे आणि २^३२ ला ६४ ने पूर्ण भाग जातो. २ ऐवजी ३ घेतलास की बाकी १ येत नाही आणि सोंग उतरतं. बाकी १ आली म्हणजे मूळ, असं उत्तरपत्रिकेत कधीही लिहू नकोस.

दुसरी सावधगिरी साधनांची. एक्सेलमध्ये ही संख्या टाकलीस तर ती पंधरा अंकच जपते आणि शेवटचे पाच अंक शून्य करते. मग संख्या सम दिसते आणि १० ने भाग जातो असं वाटतं. एका पालकांनी तसं पान छापून मला दाखवलं होतं आणि मी चुकीचं शिकवतोय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. साधा कॅल्क्युलेटरही असंच करतो. पायथनमध्ये पूर्ण संख्या कितीही लांब असली तरी अंक गळत नाहीत, तिथे पडताळून बघ. भागाकार करताना मात्र पूर्णांकाचा भागाकार वापर, साधा वापरलास की तिथेही अंक गळतात.

प्रकल्पासाठी म्हणशील तर एक घर कमी करून बघ, माझ्या मते ते फार उत्तम होईल. त्रेसष्ट घरांची बेरीज ९२२३३७२०३६८५४७७५८०७. ६३ म्हणजे ३ × ३ × ७, तेव्हा दुमडण्याऐवजी पटाचे तीन-तीन आणि सात-सात भाग करावे लागतील. अवयव येतात ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. इथे ७ दोनदा आलाय, म्हणजे ही संख्या वर्गमुक्त नाही. ७ ची फेरी तीनची आहे हे तुला माहीत आहे. ४९ ची फेरी काढ, ती २१ येईल, आणि मग २१ व ६३ यांच्याकडे बघ. ७३ ची फेरी ९, १२७ ची ७. उरलेल्या तिघांची तू स्वतः काढ आणि लिहून पाठव, मी तपासून देईन.